काट्याचा पट्टा मागायला आलात तर

अहमदपूरच्या बाजारात आमचं दाव्या-कासऱ्यांचं दुकान आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. म्होरक्या, घुंगरमाळा, पोळ्याच्या झुली, शेळ्यांच्या गळ्यातल्या घंट्या असा माल. अलीकडं मात्र शिलाई मशीनवर बसले की निम्मा वेळ कुत्र्यांचे पट्टे शिवण्यात जातो. शेतातल्या आखाड्यावरचं गावठी, तालुक्याच्या गावातलं लॅब्राडोर, चाकूरकडचं पश्मी म्हणजे सडपातळ शिकारी कुत्रं, सगळ्यांचे मालक येतात. आणि त्यातला कुणीतरी हमखास विचारतो, “काकू, ते आतून काटे असलेलं हाय का? लई ओढायलंय हो, खांदा निखळायची पाळी आली.”

ते मी ठेवत नाही. साखळीचा फास ठेवत नाही आणि करंटचा पट्टा तर नाहीच. दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायची मला हौस नाही, म्हणून त्याऐवजी काय घ्यायचं आणि घरी जाऊन काय करायचं ते सांगत बसते. बाजाराच्या गर्दीत ते नेहमी अर्धवट राहतं, तेवढ्यात कुणाला तरी घंटीचा भाव पाहिजे असतो. म्हणून इथं सगळं लिहून काढलंय.

खिळ्यांचा पट्टा आपल्याकडं नवा नाही. बिबट्याची भीती असलेल्या भागात राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यात खिळे ठोकलेला जाड पट्टा घालतात. त्याचे खिळे बाहेर असतात, नरडं धरायला येणाऱ्या जनावरासाठी. गिऱ्हाईक मागतं त्या पट्ट्याचे काटे आत, कुत्र्याच्या मानेकडं. दोरी ताणली की सगळे एकदम रुततात. साखळीचा फास त्याच्याच जातीचा. तो ओढीबरोबर आवळत जातो आणि कुठं थांबायचं हे त्याला माहीत नसतं. करंटच्या पट्ट्याचं बटण मालकाच्या खिशात असतं, आणि मालक कुठल्या मूडमध्ये आहे त्यावर कुत्र्याचा दिवस ठरतो.

मानेत श्वासनलिका असते, थायरॉइडची ग्रंथी असते, डोक्याकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात. पॉमेरियनसारख्या लहान कुत्र्यांची श्वासनलिका आधीच नाजूक असते. गळ्यातल्या पट्ट्यानं ओढलं की त्यांना कोरडा ठसका लागतो आणि मालक म्हणतो, पाणी चुकीचं गेलं असंल. पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्याला तर साध्या पट्ट्यानंसुद्धा ओढू देऊ नये. माझी भाची परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. तिनं सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली आहे: गळ्यातल्या पट्ट्यानं कुत्रं ओढतं तेव्हा डोळ्यातला दाब वाढतो, हार्नेसनं, म्हणजे छाती-पाठीवर बसणाऱ्या पट्ट्यांच्या साजानं, वाढत नाही, असं २००६ च्या एका अभ्यासात दिसलं होतं.

शरीराचं झालं. डोक्यात काय होतं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कुत्रं शेळी बघून ओढतं, तेवढ्यात काटे टोचतात. तुम्हाला वाटतं, ओढायचं नाही हे त्याला कळलं. त्याला कळतं ते असं की शेळी दिसली की दुखतं. शेळीच्या जागी शाळेत चाललेलं पोरगं असेल, तर पोरगं दिसलं की दुखतं. गुरगुरल्यावर झटका बसत गेला तर काही दिवसांत गुरगुरणं बंद होतं आणि मालक खूश होतो. भीती मात्र आत तशीच असते, आणि एक दिवस कुत्रं आधी काहीच न सांगता चावतं. भाचीनं आणखी दोन अभ्यास दाखवले, दोन्ही २०२० चे. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्री तपासली. शिक्षेवर शिकवणाऱ्या वर्गांतली कुत्री जास्त ताणात होती, त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, तेही वाढलेलं होतं. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या लोकांनी ६३ कुत्र्यांवर करंटचा पट्टा आणि खाऊ यांची तुलना केली, तर करंटनं जास्तीचं काही हाती लागलं नाही. वेल्समध्ये २०१० पासून करंटच्या पट्ट्यावर बंदीच आहे.

यावर एक प्रश्न ठरलेला असतो. “बैलाला वेसण घालताच की!” घालतो. पण चांगला औतकरी कासरा ताणून औत हाकत नाही. कासरा ढिला असतो, बैल आवाजावर वळतो. सारखा ताणतो तो नवशिका. कुत्र्याच्या दोरीचंही तसंच आहे. दोरी ढिली असताना चांगलं काहीतरी मिळतं आणि ताणली की काहीच मिळत नाही, एवढं एकदा त्याला समजलं की गळ्यात काय आहे याला फारशी किंमत राहत नाही.

काय घ्यायचं

रोज गळ्यात राहायला साधा, सपाट, रुंद पट्टा. त्यावर तुमचा फोन नंबर. दोन बोटं आरामात आत गेली पाहिजेत. पिल्लू असेल तर दर आठवड्याला बोटं घालून बघा, कारण पिल्लू वाढतं आणि पट्टा वाढत नाही. मानेत रुतलेले पट्टे मी पाहिलेत. ती पिल्लं कुणा दुष्ट माणसाची नव्हती, नुसत्या विसराळू माणसांची होती.

फिरायला नेताना हार्नेस. यात लोक फसतात. बाजारात जो छातीवर आडवा पट्टा येणारा हार्नेस मिळतो, तो खांद्याच्या सांध्यावर येतो आणि पुढचा पाय मोकळा पडत नाही. समोरून पाहिलं तर पट्ट्यांचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसला पाहिजे: मानेच्या दोन्ही बाजूंनी खाली येऊन छातीच्या हाडावर एकत्र, तिथून एक पट्टा दोन पायांच्या मधून मागं. पोटाचा पट्टा काखेच्या मागं तीन-चार बोटं. काखेत आला तर घासतो आणि केस जातात. पाठीवर एक कडी आणि छातीवर एक कडी असा घ्या. छातीच्या कडीला दोरी लावली की ओढणारं कुत्रं आपोआप बाजूला वळतं, त्याचं सगळं वजन तुमच्या हातावर येत नाही. “हार्नेस घातला की जास्तच ओढतंय” असं बरेच जण सांगतात. खरं आहे. टोचणं थांबलं आणि शिकवणं अजून सुरू झालं नाही, तर ओढणारच.

दोरी सहा फुटांची, हातात मऊ लागणारी. बटण दाबलं की गुंडाळणारी दोरी घेऊ नका. ती कायम थोडी ताणलेली असते, म्हणजे आपण जे शिकवणार त्याच्या बरोबर उलटं शिकवते. मोकळ्या रानासाठी आठ-दहा मीटरचा लांब दोर वेगळा ठेवा आणि तो नेहमी हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला लावा, गळ्याला कधीच नाही. पळत सुटलेलं कुत्रं दोर संपल्यावर मानेवर झटका खाऊन थांबलं तर मणक्याला इजा होऊ शकते.

पश्मी-कारवानीवाल्यांची गोष्ट वेगळी. या कुत्र्यांची मान डोक्याएवढीच किंवा डोक्याहून जाड. कुत्रं मागं सरकलं की साधा पट्टा डोक्यावरून निघतो, कुत्रं मोकळं, आणि समोर ससा असेल तर संध्याकाळपर्यंत शोधत बसा. म्हणून मालक पट्टा इतका आवळतात की श्वास घोगरा होतो, नाहीतर थेट फास घालतात. यांच्यासाठी मी दोन फेऱ्यांचा पट्टा शिवते, शहरात त्याला मार्टिंगेल म्हणतात. मोठी पट्टी मानेभोवती, तिच्या दोन टोकांना दोन कड्या, आणि त्या कड्यांतून ओवलेला एक लहान फेरा, ज्याला दोरी लागते. ओढलं की थोडा आवळतो, पण ठरलेल्या मापापर्यंतच. माप असं घ्या: कानाच्या लगेच मागं, मान सगळ्यात बारीक असते तिथं टेप फिरवा. पूर्ण आवळल्यावर पट्टा बरोबर त्या मापाचा व्हावा, त्यापुढं त्याला आवळायला जागाच नको. रुंदी दीड ते दोन इंच ठेवा, बारीक पट्टी या पातळ कातडीला काचते. घरी आलं की काढून ठेवा, तो फेरा कुठंही अडकू शकतो.

माळेगावच्या यात्रेत आम्ही दुकान लावतो. खंडोबाची यात्रा, तिथं कुत्र्याला देवाच्या सोबत्याचा मान, आणि जिल्हा परिषदेचं श्वान प्रदर्शनही भरतं. घोडे, गाढवं, उंट, लाउडस्पीकर, धुरळा, आणि त्यात काही पश्मी अशी उभी असतात की मालकाच्या हातातली दोरी हलतसुद्धा नाही. अशा मालकांना जाऊन विचारा, काय करता म्हणून. बहुतेकांच्या खिशात काहीतरी खायचं निघेल.

तोंडावरून घालायची कुत्र्याची म्होरकीही मिळते. बैलांच्या म्होरक्या विकणाऱ्या बाईनं तिच्याबद्दल वाईट बोलू नये, पण बहुतेक कुत्र्यांना ती आवडत नाही आणि झटका बसला तर मान वाकडी होते. वजनदार कुत्रं आणि अशक्त माणूस अशी जोडी असेल तर आठवडाभर खाऊ देत-देत सवय लावून वापरा. बाकीच्यांनी त्या वाटेला जायचं कारण नाही.

पिशवीत काय ठेवायचं

उकडलेलं अंडं, उकडलेलं चिकन हाड काढून, पनीर. स्वस्तातलं हवं असेल तर मटणाच्या दुकानातून थोडी कलेजी आणा, उकडा, बारीक कापा आणि उन्हात वाळवा. आपल्याकडं उन्हाला तोटा नाही. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा पुरे. कुत्रं तुकडे मोजतं, आकार बघत नाही. घरातल्या शांत जागेत भाकरीचा तुकडाही चालतो, पण रस्त्यावर शेळ्या असताना भाकरी हरते. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुके, चॉकलेट देऊ नका. ही कुत्र्याला विषारी आहेत. बेदाणे कितीही चांगले असले तरी नाही. जेवढा खाऊ दिला तेवढं रात्रीचं जेवण कमी करा, नाहीतर शहाणं पण गोल कुत्रं तयार होतं.

ढील कशी शिकवायची

सुरुवात रस्त्यावर करू नका. ढाळजेत करा, अंगणात करा, जिथं कुत्र्याला बघायला नवीन काही नाही तिथं.

आधी हार्नेसची ओळख. एका हातात हार्नेसचा फेरा धरा, दुसऱ्या हातानं फेऱ्याच्या पलीकडून खाऊ दाखवा. तोंड आपणहून आत आलं की खाऊ. धरून डोक्यात कोंबायचा नाही. दोन-तीन दिवसांत ते हार्नेस पाहून स्वतः डोकं पुढं करतं.

मग एक आवाज ठरवा. “हां!” म्हणा, नाहीतर जीभ टाळूला लावून “टॉक” करा, बैल हाकणाऱ्या घरात ते सगळ्यांना येतं. आवाज झाला की लगेच खाऊ, असं दहा-पंधरा वेळा करा. आवाजाचा अर्थ एवढाच: आत्ता या क्षणी जे केलंस ते बरोबर. घरात सगळ्यांनी तोच आवाज वापरायचा. आजोबा “शाब्बास” म्हणतात, पोरगं “गुड” म्हणतं आणि आई “बस झालं” म्हणते, अशा घरातलं कुत्रं बिचारं काय समजणार?

आता दोरी लावा आणि नुसते उभे राहा. दोरी खाली झोळ पडलेली. कुत्र्यानं तुमच्याकडं बघितलं की “हां”, आणि खाऊ तुमच्या पायाशी, पायजम्याच्या शिवणीला लागून. हात पुढं करून खाऊ देऊ नका, मग ते पुढंच यायला शिकतं. आपल्याला ते पायाशी हवं आहे. हे जमलं की एक पाऊल टाका. बरोबर आलं, “हां”, खाऊ. मग दोन पावलं. मग चार. पाच मिनिटांत थांबा, कुत्र्याला कंटाळा येण्याआधी.

ओढलं तर? तर खांबासारखे थांबा. झटका देऊ नका, ओरडू नका, मागंही ओढू नका. जोपर्यंत दोरी ताणलेली आहे तोपर्यंत जग थांबलेलं आहे. ते मागं वळून बघेल, एक पाऊल मागं येईल, दोरीला झोळ पडेल. त्याच क्षणी “हां” आणि चाला. बहुतेक लोक इथं हरतात, कारण घाईत असतात. दूध घालायला जाताना शिकवणी घेऊ नका. शिकवणीच्या वेळी कुठंही पोचायचं नसतं, घरासमोरच्या वीस पावलांत अर्धा तास गेला तरी चालेल. आणि ज्या दिवशी खरंच कुठं पोचायचंय त्या दिवशी पाठीवरच्या कडीला दोरी लावा, म्हणजे कुत्र्यालाही फरक कळतो: छातीच्या कडीला दोरी म्हणजे शिकवणी.

ओढण्यामागचं कारण निम्म्या वेळा वास असतो. विजेचा खांब, बाभळीचं खोड, कालच्या कुत्र्याची खबर. तो वासच बक्षीस म्हणून द्या. ढिल्या दोरीनं दहा पावलं आलं, की “जा, हुंग” म्हणून खांबाकडं न्या आणि पोटभर हुंगू द्या. फुकट बक्षीस आहे, कलेजी वाचते.

काट्याच्या पट्ट्यावरून हार्नेसवर आलेलं कुत्रं पहिले काही दिवस जास्त ओढेल. तेव्हाच लोक परत येतात आणि म्हणतात, “बघा, नाही जमत.” जमतं, पण आधी महिनाभर घरातलं आणि गल्लीतलं करा, मग बाजारपेठ. मध्ये कुणी पाव्हणा “दोन दणके द्या, सरळ होतंय” म्हणाला तर त्याला चहा द्या आणि विषय बदला.

शेळ्या, मोटारसायकली, गल्लीतली कुत्री

इथं सगळा खेळ अंतराचा. शेळ्या दिसतात, कान टवकारतात, पण खाऊ दिला तर अजून घेतं, एवढ्या लांब उभे राहा. खाऊ घेईना झालं म्हणजे तुम्ही फार जवळ आलात, मागं फिरा. शेळी दिसली, “हां”, खाऊ. शेळी नजरेआड, खाऊ बंद. काही दिवसांनी शेळी दिसताच ते तुमच्याकडं वळून बघायला लागतं, मग अंतर थोडं कमी करा. घाई केली की परत पहिल्यापासून. मोटारसायकलीसाठीही हेच, आधी उभी गाडी, मग चालू, मग लांबून जाणारी.

पश्मीच्या बाबतीत मात्र मी स्पष्ट सांगते. पळणारं दिसलं की पळायचं, ही त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नोकरी आहे. कितीही शिकवलं तरी रस्त्याजवळ त्याला मोकळं सोडू नका. कुंपण असलेलं रान शोधा किंवा लांब दोर वापरा, आणि दोर धरताना हातमोजे घाला.

गल्लीतली कुत्री अंगावर आली तर आपली दोरी ताणू नका. ताणलेल्या दोरीनं आपलं कुत्रं छाती काढून उभं राहतं आणि समोरच्याला ते आव्हान वाटतं. मूठभर खाऊ जमिनीवर पसरा, ती खाण्यात गुंततात, आपण वळसा घालून निघा.

हाकेला यावं असं वाटत असेल तर एक पथ्य पाळा: हाक मारून कधी रागवायचं नाही, आंघोळीला बांधायचं नाही. आलं की खाऊ, आणि बऱ्याचदा परत खेळायला सोडायचं.

आखाड्यावरचं कुत्रं

दिवसभर खुंट्याला साखळीनं बांधलेलं कुत्रं राखण चांगली करतं, हा समज सालगड्यापासून मालकापर्यंत सगळ्यांचा. ते राखण करत नाही, जो दिसेल त्याच्यावर चिडतं. फार जड किंवा फार आखूड साखळीनं जनावराला अवाजवी वेळ बांधून ठेवणं, आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं, हे दोन्ही १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवण्याच्या कायद्यात, कलम ११ खाली गुन्हे आहेत. पहिल्या वेळेचा दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे साखळीच त्याहून महाग.

जाळीचं छोटं आवार सगळ्यात बरं. ते जमत नसेल तर दोन खांबांमध्ये जाड तार ताणा, कुत्र्याच्या डोक्याच्या बरीच वर. तारेत एक कडी ओवा, कडीला फिरकी हूक आणि हलकी दोरी, दोरी हार्नेसला. खांबाजवळ तारेला गाठीसारखा अडसर घाला, म्हणजे दोरी खांबाला गुंडाळली जात नाही. सावली आणि पाण्यापर्यंत ते पोचलं पाहिजे. रोज सकाळ-संध्याकाळ बांधावरून एक फेरी तरी माणसाबरोबर.

ऊन, चिखल, गोचिड

एप्रिल-मेमध्ये शिकवणी सूर्य वर यायच्या आत. डांबरी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू टेकवा. थोडा वेळ ठेववत नसेल तर कुत्र्याचे पायही भाजतात. पावसाळ्यात आपली काळी माती नायलॉनच्या पट्टीत शिरते, वाळून कडक होते आणि काखेत खरवडते. फिरून आल्यावर हार्नेस काढा, पाण्यात खळबळा, सावलीत वाळवा. पट्ट्याखाली गोचिडांना लपायला आवडतं, मान आणि काखा रोज बोटांनी चाचपा.

शांत कुत्रं अचानक ओढायला, गुरगुरायला, हात लावू देईनासं झालं तर पट्टा बदलण्याआधी डॉक्टरला दाखवा. कानातलं दुखणं, दात, सांधे, काहीही असू शकतं. परभणी आणि उदगीर, दोन्हीकडं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. कुणाला चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जा. हळद-चुना लावत बसू नका.

दुकानात येणार असाल तर कुत्र्याला बाजाराच्या गर्दीत आणायची गरज नाही, मापं आणा. कानामागची मान, मानेचा बुंधा, पुढच्या पायांमागून छातीचा घेर, आणि मानेच्या खालच्या खड्ड्यापासून दोन पायांमधून पोटाच्या पट्ट्यापर्यंतची लांबी. शिवणकामाची टेप नसेल तर सुतळीनं मोजा आणि गाठी मारून सुतळीच घेऊन या. कुठली गाठ कशाची ते मात्र लिहून ठेवा.